सहावं अक्षर

केप कोस्टला दुपारी दोननंतर वीज जाते,
म्हणून तास सकाळी सातला ठेवलाय.
नऊ संगणक, एकतीस मुलं.
खिडकीखाली कोळी जाळ्यांच्या घड्या घालताहेत,
कुणीतरी कुणालातरी शिव्या देतंय.

मी सांगते, ही अक्षरांची माळ,
एकशे सत्तेचाळीस मणी.
हिची घडी कशी पडते ते कळायला
पूर्वी माणसांची अर्धी हयात जायची.
आता तुमची बाजरीची पेज निवायच्या आत
आकार पडद्यावर.
निळं म्हणजे यंत्राला खात्री,
नारिंगी म्हणजे चाचपडणं.
लिहून घ्या, परीक्षेत विचारणार आहे :
नारिंगी शेपूट म्हणजे दर वेळी यंत्राचं अज्ञान नव्हे,
काही प्रथिनांचं स्वतःचंच काही ठरलेलं नसतं.
"माझ्यासारखं!" मागून एको बायडू.
हशा.

अराबा हसत नाही.
तिनं हिमोग्लोबिनची बीटा साखळी घेतलीय.
बोटानं मोजत सहाव्यावर येते. प्रोलिन.
"पहिला मेथिओनिन धरू नकोस," मी म्हणते,
"तो पुढं गळून जातो."
बोट एक घर सरकतं.
ई खोडते. व्ही लिहिते.

पेज निवते.
दोन आकार शेजारीशेजारी,
तीच वळणं, तोच निळा,
एकावर एक ठेवले तरी
केसाएवढी फट नाही.

"मॅडम, काहीच बदललं नाही."
आणि मग, मला की पडद्याला कोण जाणे,
"मग माझा भाऊ रात्रभर कण्हतो कशानं?"

उत्तर माझ्या टिपणांत पुढच्याच पानावर होतं.
पान उलटवेना.

फळ्यावर दोन रेणू काढले, लगतचे,
ऑक्सिजन उतरवून रिकाम्या हातानं परतणारे.
एकाच्या अंगावरचं व्हॅलिन
दुसऱ्याच्या खाचेत जाऊन बसलेलं.
मग तिसरा. मग चौथा.
असाच दांडा वाढत जातो,
आणि पेशी वाकून विळा होते.
"एकटं असताना ते धडधाकटच असतं, अराबा.
यंत्रानं एकटंच पाहिलं.
आपण विचारलंच एकट्याचं."

पावणेदहाला वीज गेली,
सव्वाचार तास आधीच.
निळं सगळं विझलं.
मुलं वह्या आवरायला लागली.
अराबा उठली, माझ्या हातातला खडू घेतला
आणि न विचारता
पाचवा रेणू काढला.