पाणी पिणारा

आमचं आडनाव व्होदोपिवेत्स.
म्हणजे पाणी पिणारा.
आणि गाव कुठलं, तर विपावाच्या खोऱ्यातलं,
जिथं बारशाला वाइन, मयताला वाइन,
आणि पाहुण्यानं पाणी मागितलं
तर बायका हळूच त्याचं कपाळ चाचपतात.
लोक हसायचे. बाबाही हसायचा म्हणे,
पिंप धुताना कमरेपर्यंत आत वाकून.
त्याच्या आवाजाबद्दल मला एवढंच ठाऊक आहे,
की तो पिंपातून यायचा.

चौदा सालच्या ऑगस्टात गेला.
जाण्याच्या आदल्या दिवशी छपरावर चढला
आणि कौलांवर दगड मांडले, एक्केचाळीस.
आमच्याकडे बुर्या नावाचा वारा आहे,
हिवाळ्यात डोंगर उतरून येतो
आणि कौलं पत्त्यांसारखी पिसतो.
शिडीवर फ्लोरियान, पाच वर्षांचा,
पोटाशी धरून एकेक दगड वर देत होता.
आई खालून म्हणाली, एवढे कशाला,
द्राक्षतोडणीला येशीलच ना.
तो म्हणाला, असू देत.
मी तेव्हा तिच्या पोटात होते.
तिनं त्याला अजून सांगितलं नव्हतं.
वारा पडल्यावर सांगू, असं तिच्या मनात होतं
आणि त्या दिवशी तर वारा नव्हताच.

गोळी लागली नाही त्याला.
आधीच सांगते, कारण ऐकणारे तिचीच वाट बघत बसतात.
गॅलिशियात, कुठल्याशा शाळेच्या खोलीत,
पेंढ्यावर, पटकीनं गेला.
भिंतीवर पाढे लिहिलेले होते, कळत नव्हते,
असं येर्नेय चुकनं परत आल्यावर सांगितलं.
रात्रभर पाणी मागत होता.
विहीर खिडकीतून दिसत होती
आणि विहिरीवर पहारा होता,
रोग तिथूनच वर येत होता म्हणून.

आड आडनावातच राहिला. पोहरा कोरडा.

हे सांगून झालं तरी
आईनं पुढे ठेवलेला पेला येर्नेयनं उचलला नाही.
संध्याकाळी तिनं तो वेलीला घातला.

मग ज्याचा तो शिपाई होता
तो सम्राटही गेला, देशही गेला.
घर जागच्या जागी, आणि खिडकीपलीकडे इटलीचा कारकून.
कुठल्या फौजेत होता?
आई म्हणाली, तुमच्या समोरच्या.
कारकून तसा वाईट नव्हता.
टेबलावरचं त्याचं पेअर त्यानं चाकूनं अर्धं केलं
आणि मला दिलं. गोड होतं.
घरी येईपर्यंत मी फ्लोरियानला ते सांगितलं नाही.

शाळेत मी झोरा होते, ती आउरोरा झाले.
दोन्हींचा अर्थ पहाट.
आडनाव झालं बेव्हिलाक्वा.
त्याचाही अर्थ तोच, अगदी थेंबाथेंबाला तोच.
विधवेच्या कागदावर नवऱ्याचं नाव लागतं
म्हणून मेलेल्याचंही बदललं,
ज्या भाषेत त्याला पाणीसुद्धा मागता आलं नसतं
त्या भाषेत.
आईनं सही केली. नावावर पाणी सोडलं.
त्या पैशांत मीठ आलं, रॉकेल आलं,
फ्लोरियानला बूट आले.
फ्लोरियान तिच्याशी वर्षभर बोलला नाही.
बूट मात्र घालायचा.

बुर्या येऊन गेला की ती अंगणात उभी राहून
छपराकडे मान वर करून मोजायची, ओठ हलवत.
एक कमी भरला तर कुंपणापर्यंत शोधायची,
ओळखायची, हा त्याचा, हा नाही.
दगड कसा ओळखतेस, मी विचारलं.
म्हणाली, फ्लोरियानला जे उचलवत नव्हते
ते त्यानं घेतलेच नव्हते.

नंतर दुसरा देश आला, आणि परवा परवा तिसरा.
कुणीतरी फॉर्म आणून दिला,
जुनं आडनाव परत घ्यायचं का म्हणून.
तो डब्यात आहे, बटणांच्या.

फ्लोरियानच्या मुलानं छप्पर सिमेंटनं पक्कं केलं
आणि दगड कोंबड्यांच्या खुराड्यामागे ओतले.
आई तोवर नव्हती. मी एक उचलून आणला,
वारा सुटला की दाराला लावते.
परवा बादली नेताना हात थरथरला, त्याच्यावर पाणी सांडलं.
आमच्याकडचा चुनखडीचा दगड.
फडकं आणायला आत गेले, तेवढ्यात
सगळं प्यायला.