जुना स्विच

माँटेव्हिडिओच्या रविवारच्या बाजारात
फुटक्या रेडिओशेजारी पडला होता,
किल्ली आत अडकलेली, किल्लीला निळी फीत.
विकणारा म्हणाला, चालतो.
चालतो म्हणणाऱ्यांचं काय काय चालत नाही
ते एलादियोला पाठ आहे.

आता टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर स्विच.
पाठीला चार पितळी टोकं,
एक हिरवं पडलेलं.
मिकाएला मीटरच्या तारा धरते.
"फिरव, आजोबा."
पहिला खटका. मीटर गप्प, तसाच हवा.
दुसरा. बीप.
"आता किल्ली हलवतो, खड्ड्यातून गेल्यासारखी."
बीप तुटते, जुळते, तुटते,
बोलता बोलता नाव विसरावं तशी.

पॉलिश पेपर. स्पिरिट. एक फुंकर.
बीप सलग.
"झालं!" नात ओरडते.
"थांब. रिकाम्या खांद्यावर कुणीही पहिलवान."

तो बॅटरी ओढून आणतो, हेडलाइटचा बल्ब जोडतो,
दहा मिनिटं जळू देतो,
मग स्विचच्या पाठीवर अंगठा टेकवतो.
कोमट. चटका नाही.

राहिला स्टार्टरचा खटका:
सोडली की किल्ली आपणहून मागे यायला हवी.
येते.
जरा रेंगाळून, पण येते.

अंगणात अठ्ठावन्न सालची प्यूजो,
डॅशबोर्डच्या भोकातून सात वर्षं तारा लोंबतायत.
फितीवर शाईची अक्षरं, धुऊन निम्मी उरलेली:
...लिंडा.
"ही कोण?"
"हिच्या हाताने कुठली तरी गाडी सुरू व्हायची,"
तो म्हणतो,
आणि चौदाचा पाना शोधू लागतो.