आटा

उद्यमनगरात मी लेथवर असतो.
केसाएवढा फरक बोटाला कळतो मला,
जॉब रिजेक्ट होणार हे आवाजावरनंच.

वैजूला माझा बोनमॅरो बसला.
एकविसाव्या दिवशी ताप.
लहानपणापासून तिच्यातच निजलेला विषाणू,
पहारा उठलाय बघून जागा झालेला.
औषध किडनीला सोसेना.

कारदगे डॉक्टर म्हणाल्या,
पुन्हा तुझ्याच रक्तातल्या पेशी घेऊ,
त्यांच्या अंगावर नवा आटा पाडून आणू,
फक्त त्या विषाणूवर बसेल असा.
बाकी कुठं अडकायचा नाही.
मी विचारलं, टॉलरन्स किती?
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, अजून शिकतोय आम्ही.

सतराव्या दिवशी डबा आला,
बर्फाहून थंड, वाफ सोडत.
आतली पिशवी एवढीशी,
गंगावेशीत दूधकट्ट्यावर
पेल्याच्या तळाला फेस राहतो, तेवढी.
नर्सनं ती कोमट पाण्यात हलवली
बाळाच्या बाटलीगत.
मी काचेबाहेर.
लेथ बंद असूनही कानात घरघर.

आज विषाणूचा आकडा उतरलाय.
उतरलाय म्हणजे गेला नव्हे,
हे मला दोनदा सांगितलं त्यांनी.
आणि म्हणे, तिचं रक्त आता तपासलं
तर पुरुषाचं दिसतं.

फोनवर मी ते वैजूला सांगितलं.
"मग काय झालं?
मी जेवलो, गोळ्या घेतलो,
आता झोपतो. ठेव फोन."

कोल्हापूरची पोर.
ती आधीपासनं असंच बोलते.