हजार की शेकडा

सावद्याच्या गुरांच्या बाजारात
आबा चाळीस वर्षं दलाल होते,
आणि चाळीस वर्षांत त्यांच्या खांद्यावरच्या रुमालानं
घाम असा पुसलाच नाही कधी.
त्याच्याखाली दोन हात भेटायचे.
भोवती पन्नास माणसं, रंगवलेली शिंगं, चहाचे ग्लास,
आणि भाव कुणालाच दिसायचा नाही.
एक बोट दाबलं की एक,
सगळा पंजा धरला की पाच.
त्यापुढचं मला शिकवलं नाही.
पोरीच्या जातीला बाजार कशाला?

घरीही तेच.
आईनं विचारावं, किती वाजता निघायचं?
ते पंजा दाखवायचे.
पाचला निघायचं, की पाच मिनिटांत,
की पाचजण जेवायला येणार?
आई तिन्ही धरून चालायची:
कळण्याच्या भाकरी जास्तीच्या,
पिशवी दारात,
पायात चप्पल.

मी आता केळीच्या गाड्या भरते.
धंदा सगळा फोनवर.
पहिल्याच वर्षी दिल्लीच्या शेटनं विचारलं,
"कटाई कल की है ना?"
मी म्हटलं, "हां जी, कल की."
मी उद्याची म्हणाले,
त्यानं कालची ऐकली.
एवढ्याशा शब्दात एक अख्खा दिवस मावतो,
आणि तो कुणाच्या बाजूला पडेल सांगता येत नाही.
तो तिकडे वाट बघत बसला, मग दुसरा माल घेतला,
आणि माझी गाडी त्याच्या फाटकाबाहेर
घडाघडानं पिवळी होत गेली.

तेव्हापासून मी तारीख बोलते, वार बोलते,
भाव बोलते, आणि तो क्विंटलचा की पेटीचा, तेही.
मग समोरच्याकडून परत म्हणवून घेते.
भरणारी पोरं हसतात,
"ताई पाढे म्हनवू राह्यल्या."
म्हणा रे. पाढा चुकला तर हप्ता माझा जातो.

चैत्रात आबांची वाचा गेली.
उजवा हातही गेला, बाजार केलेला.
उरलेल्या डाव्यानं त्यांनी माझा पंजा धरला.
पाच.
पाच गोळ्या? पाच वाजले? पाच हजार कुणाचे देणं?
ते मान झटकायचे,
डोळे वटारून पुन्हा धरायचे, अजून घट्ट.
आठ दिवस मी भाव लावत होते
आणि मला माल कोणता तेच माहीत नव्हतं.

शेवटी पालहून एसटीनं नामदारकाका तडवी आले,
आबांचे जुने भिडू.
खाटेवर टेकले, रुमाल काढला,
पण हातावर टाकला नाही लगेच.
आधी मोठ्यानं विचारलं,
"दुखनं सांगू राह्यला?" मान नाही.
"पैसा?" नाही.
"खानं-पेनं?"
आबांचे डोळे असे उजळले
की काकांना खोकला येईस्तोवर हसू आलं.
मग रुमाल.
"चहात साखर कमी पडते म्हने. पाच चमचे मांगतो."

"काका, मला आठ दिवस कळलं नाही."
"कसं कळीन, पोरी?
बोट फक्त आकडा सांगते.
हजार की शेकडा, ते आधी तोंडानं बोलून घ्या लागे आम्हाले.
नाही तं दांडे निघत बाजारात."

मग मी हात घातला रुमालाखाली, पहिल्यांदाच.
डॉक्टरांनी साखर बंद सांगितलेली.
मी मोठ्यानं म्हटलं, "आबा, चमचे. दिवसाचे."
आणि एक बोट दाबलं.
त्यांनी चार.
मी पुन्हा एक.
त्यांनी तीन, मग बराच वेळ काहीच नाही,
नुसता तो खरखरीत तळवा,
ज्याची मला इतक्या वर्षांत ओळख नव्हती.

दोनवर आलो असू, नसू.
आई चुलीकडून उठून आली,
रुमाल ओढून घेतला,
झटकला, दोरीवर टाकला.
"आता उघड्यावर करा," म्हणाली,
"चहा मला करायचाय."