टॉवेलची गुंडाळी

मांडीवर सूप, सुपात तंबाखू.
एकतीस वर्षं अशीच वाकून बसले.
मागे भिंत होती,
टेकायला वेळ नव्हता.

एमआरआयचा फोटो खिडकीत धरून
राजमणी म्हणाली, अत्ते, ही गादी बघ, दबलीय.
मला तर त्यात घरकुलाची चाळ दिसली,
खोलीवर खोली,
खालून दुसरी जरा खचलेली.

ऑपरेशनचा आकडा सांगू नका म्हणलं,
मी हजाराच्या पुढं मोजत नाही.

फिजिओची पोरगी हसली.
चाकूचं काम नाही, मावशी.
दुखतंय म्हणजे मोडतंय असं नसतं.
दर शंभर विड्यांना उठायचं, चार पावलं चालायचं.
रात्री पालथं झोपून छाती उचलायची.
पायात मुंग्या वाढल्या तर थांबायचं,
मला सांगायचं.

शंभराला उठले तर संध्याकाळी सातशेच.
काय मल्लव्वा, कमी? कारखानदार म्हणाला.
तीनशे कमरेला दिल्या.

बसताना आता पाठीमागं टॉवेलची गुंडाळी.
ह्यांच्याच मागावरचा टॉवेल,
काठ चुकला म्हणून शेठनं परत केलेला.
बारा-बारा तास उभे राहायचे.
त्यांना कोणी म्हणलं नाही, बस जरा.

दुखणं गेलेलं नाही.
पण काल अशोक चौकापर्यंत चालत गेले
आणि येताना रिक्षा केली नाही.

आठशे झाल्या बघ.
सरक, उठायचंय.