तिसरं बटण

हेलसिंकीच्या संसदेत शब्द टिपणं हे माझं काम.
एकोणतीस वर्षं इतरांची वाक्यं झाडूनपुसून घेतली,
लंगड्या क्रियापदांना काठी दिली,
खोकले गाळले.

हिल्का केरॅनेन पहिल्यांदा आली तेव्हा मार्च होता.
बुटांवर काइनूचा बर्फ, हातात दुकानाची पिशवी,
पिशवीत राईची भाकरी.
उपाहारगृहावर तिचा विश्वास नव्हता,
तो पुढच्या सहा निवडणुकांतही बसला नाही.

पहिलं भाषण शाळेवर.
कोर्टेवाराची शाळा, अकरा पोरं, एक शिक्षक.
मंत्री म्हणाले, दर पोरामागचा खर्च परवडत नाही.
ती म्हणाली, "मग पोरांनाच विचारा, स्वस्त कसं व्हायचं."
(हशा, असं मी कंसात लिहिलं.)
शाळा मे महिन्यात बंद झाली.

रात्रीच्या रेल्वेवर ती चौदा वेळा बोलली.
बाळंतिणीला दीडशे किलोमीटर, मग एकशे ऐंशी,
मग दोनशे दहा.
आकडे फुगवते, असं समोरचे म्हणायचे.
मी नकाशा काढून पाहिला होता एका जेवणाच्या सुट्टीत.
आकडा फुगत नव्हता,
प्रसूतिगृहं मागे सरकत होती.

लांडग्यांवर: मारू द्या, पण मोजून.
अणुभट्टीवर: होय.
तेव्हा तिच्याच पक्षाच्या बाकांवर भुवया चढल्या;
भुवयांची नोंद आम्ही घेत नाही.
पूर्वेच्या कुंपणावर: होय,
आणि चटकन खाली बसली.
तिच्या आईचं गाव कुंपणापलीकडे राहिलं होतं.
हे तिने कधी सभागृहात सांगितलं नाही,
म्हणून माझ्याही कागदात नाही.

आणि पीट.
पीट म्हणजे दलदलीच्या पोटातला काळा थर,
हजारो वर्षं कुजत पडलेलं शेवाळ,
खरवडून वाळवायचं, थंडीत जाळायचं.
तिचा भाऊ तौनो त्याच यंत्रावर बसायचा.
वीस वर्षं तिने पीटचं वकीलपत्र घेतलं.
"आमची ऊब तुमच्या डोळ्यांत खुपते,
कारण तुमचे हीटर तुम्हाला दिसत नाहीत!"
वाक्य मी जसंच्या तसं ठेवलं. झाडायला काही नव्हतं.

मग एका ऑक्टोबरात तिने बाकावर बरणी ठेवली.
बरणीत गावच्या तळ्याचं पाणी,
कडक चहासारखं.
बोलली नाही.
सभापती म्हणाले, सदस्यांनी सभागृहात वस्तू आणू नयेत.
बरणी पिशवीत गेली, भाकरीशेजारी.

अनुदान बंद करण्याचं विधेयक आलं त्या दिवशी
प्रेक्षकांच्या सज्जात तौनो होता, कोट उसना.
बटणं तीन असतात आमच्याकडे: होय, नाही, रिक्त.
तिसऱ्या बटणाची तिने आयुष्यभर टर उडवली होती:
ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं.
फलकावर सगळ्यांचे दिवे लागले. तिचा नाही.
मी तिच्या हाताकडे पाहत होते, जे माझं काम नव्हे.
अंगठा "नाही"वर. मग उचलला.
मग "होय"वर, तिथेच राहिला थोडा वेळ, नखाखाली माती.
घंटा व्हायच्या आत
रिक्त.

वर्तमानपत्रांनी दोन ओळी दिल्या. तौनो पायऱ्यांवर थांबला नाही.
विधेयक तिच्या मताविनाही पुष्कळ मतांनी पास झालं,
हेच तिला जास्त लागलं असावं. किंवा नसेलही.
मी शब्दांची माणूस, मला काय कळणार.

पुढच्या निवडणुकीला ती उभी राहिली नाही.
काल हाकानिएमीच्या बाजारात भेटली, हेरिंग निवडत होती.
ओळखलं तिने, इतक्या वर्षांत एकदाही बोललो नव्हतो तरी.
"त्या दिवशी मी काहीतरी पुटपुटले," म्हणाली,
"माइक बंद होता. तुम्हाला ऐकू आलं?"

आलं होतं.
नाही म्हणाले.
तिने मासे कागदात बांधून घेतले,
सुटे पैसे दोनदा मोजले,
आणि भाऊ आता बोलतो का, हे मी विचारायच्या आत
ट्राम आली.