धुवण

एकतीस वर्षं झाली, रसायनशास्त्र विभागात
काचा धुतो मी.
बीकर, पिपेट, उंच मानेचे फ्लास्क.
त्यांत ज्यांना काही सापडलं त्यांची नावं
काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत गेली,
आणि पुठ्ठे लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर.
तिथं खिडकीशी मोर येतात.
वाचणारं दुसरं कुणी येत नाही.

अस्मा शिकलगार हुपरीहून यायची,
सातच्या एस.टी.नं. डब्यात भाकरी
आणि बाटलीत गढूळ पाणी.
पहिल्या दिवशी म्हणालो, "पोरी, इथं फिल्टर हाय की."
हसली. "मामा, ह्यात चांदी हाय."

आईच्या घमेल्यातलं धुवण होतं ते.
पैंजण घासून, रिठ्यात खळबळून
शेवटी मोरीत ओततात ते पाणी.
आईच्या नखांच्या कडा आम्लानं खाल्लेल्या.
आमच्या गल्लीतली गटारं
सराफापेक्षा श्रीमंत, असं अस्मा म्हणायची
आणि चिपाडाचा कोळसा वस्त्रगाळ करत बसायची.

साडेचार वर्षं.
कोळसा भाजला, उकळला, पुन्हा भाजला.
एक भट्टी जळाली, एक गाईड बदलला.
मग मार्चातल्या एका दुपारी
वरून धुवण गेलं, खालून नुसतं पाणी आलं.
चांदी कोळशात अडकली.
निर्मळे सरांनी पेढे आणले. पेपर छापून आला.
कोरियातल्या कुणीतरी त्याचा दाखला दिला.

हुपरीत आईनं विचारलं,
"मग आता हे घमेलं कुठं ओतू?"

ह्या एका प्रश्नापायी पोरगी उद्योजक झाली.
इन्क्युबेशन सेंटरला एसी आहे, चाकांच्या खुर्च्या आहेत.
पुण्याहून आलेल्या साहेबानं विचारलं, मार्केट केवढं?
ती म्हणाली, आमची गल्ली. मग पलीकडची.
तो म्हणाला, मोठा विचार करा.
मी चहा देत होतो.
गल्ली काय लहान असते?

पहिलं पिंप महावीर चौगुल्यांच्या कारखान्यात बसवलं.
अर्ध्या तासात तुंबलं.
प्रयोगशाळेतलं पाणी शहाणं असतं,
त्यात कुणी रिठा घातलेला नसतो.
फेसानं कोळशाची तोंडं बुजवली,
आणि चौगुले तिचा प्रबंध चाळून म्हणाले,
"अक्षरं झकास हायत."

रात्रभर ती पिंपाशी बसली.
सकाळी आईनं, कुणाला न विचारता,
कालचं धुवण बाजूला काढलं.
"रातभर ठेवलं की फेस मरतोय.
मग जुन्या साडीतनं गाळ, अन् मग घाल तुझ्या पिंपात."
हे कुठल्याच पेपरात नव्हतं.
आता पेटंटच्या अर्जात आहे,
'सुती माध्यमातून प्राथमिक गाळण' अशा शब्दांत.
खाली विद्यापीठ, सर, अस्मा.
साडी कुणाची, त्याला रकाना नाही.

दोन महिन्यांनी कोळसा जाळला तेव्हा
मुशीच्या तळाशी
हरभऱ्याएवढी चांदी.
चौगुले म्हणाले, माल माझा.
बायका म्हणाल्या, हात आमचे.
सर म्हणाले, करारात बघू.
तीन बैठका नुसती भांडणं.
शेवटी ठरलं, तिसरा हिस्सा हातमोज्यांना
आणि सहा महिन्यांनी एकदा डॉक्टरला.

आज सात गल्ल्यांत पिंपं आहेत,
दोन बंद पडलेली.
गटार अजून गटारच आहे, पण वास कमी म्हणतात.
आई मोजे घालत नाही.
म्हणते, बोटाला घुंगरू कळत नाही मग.

पुढच्या जूनला मी रिटायर होतो.
काल एका नव्या पोरानं बीकर आणून ठेवला,
तळाशी हिरवट काहीतरी.
नळाकडं गेलेला हात तसाच राहिला.
विचारलं, "ओतू का?"
एकतीस वर्षांत पहिल्यांदा.
पोरगं गोंधळलं.
म्हणालं, "थांबा मामा, बघतो."